कॉफीचं दळण

कॉफी दळायचं यंत्र कोणतं घ्यावं, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा मुलीचं लग्न ठरवतानाही झाला नव्हता. सांगितलं की लोक हसतात. हसू देत. धारूरच्या चढावरचं दोन खोल्यांचं घर, उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात निम्मा दिवस जाणार, आणि त्यात दोन म्हातारी माणसं कॉफीच्या बियांवरून हुज्जत घालतायत, हे दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर मलाही खरं वाटलं नसतं. पण आमच्या ह्यांना चहा चालत नाही. चहाला ते सरळ गढूळ पाणी म्हणतात, आणि तेही पाहुण्यांच्या तोंडावर.

हे सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. म्हणजे उसाचा रस आटवून त्यातून साखर उभी करणारा माणूस. भल्यामोठ्या बंद भांड्यात पाक शिजत असतो. त्याचा नमुना मधूनमधून काचेच्या पट्टीवर काढायचा, उजेडात धरायचा, बोटांत चोळायचा आणि दाणा बांधला की नाही ते ठरवायचं. ह्यांची सगळी उमेदीची वर्षं त्या दाण्यापायी गेली. घरी जेवताना मीठ वाढलं तरी आधी चिमटीत धरून चोळून बघत, मग पानात टाकत. मी कारखान्याच्या कॉलनीतल्या ग्राहक भांडारात तराजूवर उभी असे. तिथून दमून यावं आणि घरी ह्यांनी पिठाचं बोट चोळत बसावं, याचा मला त्या काळात फार वैताग यायचा.

कॉफीचं खूळ आलं ते दुष्काळामुळं. पाऊस नसला की ऊस नसे, ऊस नसला की कारखान्याची चिमणी थंड. अशा वर्षी हे खाली कर्नाटकातल्या एका कारखान्यात हंगामापुरते जात. दसऱ्यानंतर आष्टीकडची ऊसतोडीची माणसं बायकापोरांसकट निघत, आणि त्याच सुमाराला आमच्या घरातून एक पत्र्याची ट्रंक निघे. ती माणसं सगळं घर बरोबर घेऊन जात आणि आमचं घर मागं राही, एवढाच काय तो फरक. एका हंगामानंतर ट्रंकेतून पितळेचं दुमजली फिल्टर निघालं, भाजलेल्या बियांची पिशवी निघाली, आणि लाकडी पेटीवर लोखंडी दांडा बसवलेली एक हाताची चक्की निघाली. तिच्या खालच्या खणात भुकटी पडे. तेव्हापासून हे रोज सकाळी कॉफी दळत आणि मला एक कप देत. मला ती आधी कडू लागली, मग सवयीची झाली. आवडली कधी ते आठवत नाही.

पुढं कारखाना कायमचा बंद पडला. कसा पडला, कुणी पाडला, याच्या गोष्टी पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, प्रत्येकाकडं निराळी आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर कॉलनीतलं घर सोडावं लागलं आणि आम्ही धारूरला आलो. मुलगी पुण्याला सासरी. इथं आम्ही दोघं, समोर एक पिठाची गिरणी, आणि ती चालवणारी बाई, जी मला मावशी म्हणते आणि हक्कानं मिरच्या मागून नेते.

ती लाकडी चक्की इथं आल्यावर एका उन्हाळ्यात कामातून गेली. बियांत खडा निघाला, दाते बोथट झाले. आत टाकलेल्या बिया जशाच्या तशा खाली येऊ लागल्या. तिथून आमचे हाल सुरू झाले.

आधी मी मिक्सर लावला. आमच्या मिक्सरमध्ये वर्षानुवर्षं येसर दळलेलं. येसर म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाल्याचं पीठ, आमच्याकडं त्याची आमटी करतात. भांडं धुवायला पाणी कुठलं, मी फडक्यानं पुसून घेतलं. ह्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“ही कॉफी हाय का आमटी?”

“पिऊन तर बघा. मीठ कमी असंल तर सांगा.”

मी बोलले, पण हसू दोघांनाही आलं नाही. हंडाभर पाण्यात दिवस काढायचा असला की विनोदसुद्धा अंगावर ओझं होतो.

मग मला अक्कल सुचली ती गिरणीची. आपल्याकडं दळायची वस्तू म्हणजे गिरणीत न्यायची, त्यात विचार कसला करायचा! ज्वारीचा डबा काखेत घेतला आणि वर कॉफीची पिशवी ठेवली. गिरणीत एक रीत असते. कुणाचं दळण कुणावर टाकायचं ते ठरलेलं असतं. ज्वारीवर ज्वारी चालते, गव्हावर गहू, उपवासाचं सगळ्यात आधी, गिरणी झाडून. गिरणीवाल्या बाईनं पिशवीत डोकावलं.

“हे काय वो मावशी?”

“कॉफी.”

“आन ही कशावर टाकू?”

हे कुणालाच माहीत नव्हतं. रांगेतल्या बायकांनी आपापलं मत दिलं. एक म्हणाली हरभऱ्यावर, दुसरी म्हणाली बाजरीवर टाका, तिचाही रंग काळाच असतो. शेवटी माझ्याच ज्वारीवर टाकायचं ठरलं, म्हणजे बिघडली तर माझी बिघडेल. गिरणी फिरली आणि सगळ्या गल्लीला कॉफीचा वास सुटला. मी पसाभर भुकटी घेऊन घरी आले. ती इतकी बारीक झाली होती की फिल्टरमधून थेंब उतरेना. बाकीची कॉफी गिरणीच्या पोटात अडकली होती, आणि ती निघाली माझ्यामागच्या बाईच्या पिठातून. दुसऱ्या दिवशी ती बाई दारात उभी. “मावशी, भाकरी तर काळी झालीच, आन सासऱ्याच्या डोळ्याला डोळा न्हाई वो. समदी रात्र वाड्यातली कुत्री मोजीत बसला म्हातारा.” गिरणीवाली बाई त्यानंतर कित्येक दिवस माझ्या हातात पिशवी दिसली की आधी तिचा वास घेई.

बीडला दवाखान्यात जायचं होतंच, तेव्हा बाजारात एका दुकानात चढलो. दुकानदारानं यंत्रांच्या पेट्या उघडून मांडल्या. “काकू, ह्याच्यात मसाला, शेंगदाणे, हळद, समदं निघतंय.”

“कॉफी?” ह्यांनी विचारलं.

“निघंल की. कावून न्हाई?”

ह्यांनी झाकण काढून आत बोट घातलं आणि मान हलवली. “पातं हाय ह्याच्यात. पात्यानं बी तुटती, दळत न्हाई. एक तुकडा मोठा, एक बारीक. आपल्याला जातं पायजे. दोन दगडांवानी.”

“जातं पायजे तर काका, पाथरवटाकडं जावा,” दुकानदार म्हणाला आणि पेट्या बंद करायला लागला. त्याचा मला राग आला नाही. उलट मीच त्याच्या जागी असते तर इतका वेळ ऐकून घेतलं नसतं.

मुलीनं फोनवर समजावलं तेव्हा कळलं की ह्यांचं म्हणणं बरोबर होतं. पात्याची यंत्रं स्वस्तातली, भराभर काम करणारी, पण भुकटी ओबडधोबड. दुसरी असतात ती जात्यासारखी, आत दोन दातेरी चकत्या, त्यांच्यामधलं अंतर कमीजास्त करता येतं. त्यात पुन्हा हातानं फिरवायची आणि विजेवरची. हे फोन कानाला लावून खुशीत ऐकत होते. मी एकच विचारलं, “धुवायला पाणी किती लागतं?” मुलगी म्हणाली, “आई, धुवायचंच नसतं. ब्रशनं झटकायचं.” माझा निकाल तिथंच लागला. हातानं फिरवायची मागवा म्हटलं, कारण विजेचा तरी आमच्याकडं कुठं भरवसा.

ती आली. स्टीलची नळी, वर दांडा, मुठीत मावणारी. लाकडी चक्कीचा थाट तिला नव्हता, पण भुकटी चिमटीत घेतल्यावर ह्यांचा चेहरा असा उजळला की मला कारखान्याचे दिवस आठवले. “दाणा आला,” म्हणाले.

मग पावसाळा कोरडा गेला, हिवाळा गेला, आणि रोजच्या सकाळीला एक ठरलेली चाल आली. दिवस उगवायच्या आत हे उठत. ओट्यावर पोतं टाकून बसत, नळी गुडघ्यांत धरून दांडा फिरवत. मी खाली टँकरच्या जागी घागरी लावून परत येईपर्यंत फिल्टर लागलेलं असे. कारखाना गेला, जमीन कधी नव्हतीच, गावात ओळखी थोड्या. ह्या माणसाला दिवसभरात स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक काम होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून सांडलेल्या बियांवर मुंग्या आल्या तरी मी तोंड उघडत नसे.

हात थरथरत होते ते आधीपासून. आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. दवाखान्यात त्याला कंपवात म्हणाले. गोळ्या दिल्या आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “त्यांचे हात चालते ठेवा. काहीतरी करायला लावत जा. ह्या आजारात एकदा माणसानं खाट धरली की उठवणं फार अवघड होतं.” मी मान डोलावली. माझ्या मनात आलं, सगळ्यांना चालतं ठेवायचं काम माझ्याकडंच कसं काय येतं?

पुढच्या उन्हाळ्यात तालुक्यात चारा छावण्या लागल्या आणि टँकर एक दिवसाआड झाला. ह्यांची थरथरही वाढली. दांडा मुठीत राहीना. एका सकाळी नळी गुडघ्यातून निसटली आणि दळलेली सगळी कॉफी ओट्यावर पसरली. हे तिच्याकडं बराच वेळ बघत बसले. मी झाडू घेऊन आले तेव्हा म्हणाले, “आता बटनाचं मागव. माझ्यानं होईना.”

कारखान्यात तापल्या पॅनपुढं उभं राहून हंगाम काढले, पण “होईना” हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं, ते का लपवू? रोजचं वेचणं आणि झाडणं संपणार होतं. मी त्याच दिवशी मुलीला फोन केला.

बटनाचं यंत्र आलं. काळं, देखणं, आत जात्याच्या चकत्या, बाहेर बारीक-जाड ठरवायची गोल चकती. बटन दाबलं की घर्रर्र होऊन डोळा मिटून उघडेपर्यंत कॉफी तयार. ह्यांनी चिमूटभर घेऊन चोळली. “चांगला दाणा हाय,” म्हणाले आणि बोटं धोतराला पुसली.

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत.

म्हणजे जागे होते. खाटेवर पडून आढ्याकडं बघत होते. मी कॉफी दिली, त्यांनी घेतली, परत आडवे झाले. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढं पुढं ऊन खाटेवर येईपर्यंत पडून राहू लागले, मग ऊन आल्यावर कूस बदलून भिंतीकडं तोंड करू लागले. मी देवळापर्यंत चला म्हटलं, पारावर बसा म्हटलं, ओरडून पाहिलं, गप्प बसून पाहिलं. “कशाला?” एवढंच विचारत. पाणी आणायचं, स्वयंपाक करायचा, ह्यांना गोळ्या द्यायच्या, आणि मधेच कधी दारात उभं राहून ह्यांच्या पाठीकडं बघायचं. डॉक्टरांचं बोलणं आठवे. हा माणूस असाच खाटेवर संपणार आणि मला ते रोज सकाळी बघावं लागणार, ही भीती मला पाणी भरतानाही सोडत नव्हती.

अशात एका सकाळी वीज खरंच गेली. बटन दाबून उपयोग नाही. मी कपाळाला हात लावला आणि चुलीपाशी बसले. आतून आवाज आला, “कॉफी झाली न्हाई का?”

“लाईट न्हाई. कशी होणार?”

मग खाट कुरकुरली. हे भिंतीला धरून फळीपाशी आले, हातानं फिरवायची नळी शोधून काढली आणि ओट्यावर जाऊन बसले. हात नाचत होते. दांडा दोनदा सुटला, बिया उड्या मारून अंगणात गेल्या. पण दळली. तासभर तरी लागला असेल. आणि एकदा उठलेला माणूस मग दाढी करून पारापर्यंत जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी वीज होती. मी अंथरुणातून उठले, बाहेर मीटरपाशी गेले आणि मेन स्विचचा खटका खाली ओढला. आत येऊन म्हणाले, “आवो, आज पन लाईट गेली.”

“आज पन?”

“धरणात पाणी न्हाई, लाईट कुठून येणार?”

बीड जिल्ह्यात वीज गेली म्हटल्यावर कुणी पुरावा मागत नाही. ते उठले.

त्यानंतर तो माझा रोजचा नेम झाला. दूध संघाची पिशवी फ्रिजमध्ये एकदा नासली, तेव्हा उन्हाळ्याच्या नावानं बोटं मोडली. वीज बंद म्हणजे पंखा बंद, मिक्सर बंद, आत अंधार. करण्यासारखं काही नसे, म्हणून मी ह्यांच्या शेजारी ओट्यावर टेकत असे, सांडलेल्या बिया वेचायला. कॉफी झाली की दोघं पीत असू. मग मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जाई, खटका वर करी आणि येऊन सांगे, “आली बाई एकदाची.” खोटं बोलण्याचं मला काही वाटत नव्हतं. फक्त आणखी एक काम वाढलं, असं वाटे.

किती दिवस असे गेले ते मी मोजले नाहीत. मोजायला त्राण कुठं होतं? मृग लागला तरी आभाळात काही नव्हतं. एका सकाळी मला जाग आली आणि उठवेना. ताप नव्हता, काही नव्हतं. अंग नुसतं मातीला मिळाल्यासारखं झालं होतं. डोक्यावर पंखा फिरत होता. मी मनाशी म्हटलं, उठायला हवं, खटका ओढायला हवा. आणि पडून राहिले. मनात आलं, नाही उठले हे आज तर नाही. माझ्याच्यानं आता कुणाला उठवणं होणार नाही. त्या विचारानं रडू आलं, पण रडायलाही अंगात जोर लागतो.

पलीकडची खाट कुरकुरली. भिंतीला हात घासत गेल्याचा आवाज आला, मग दाराची कडी वाजली. मी डोळे मिटूनच होते. वाटलं, लघवीला गेले असतील. थोड्या वेळानं बाहेर खट्ट झालं आणि डोक्यावरचा पंखा हळूहळू होत थांबला.

पंखा थांबल्यावर घर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत मला समोरची गिरणी ऐकू आली. पट्ट्याचा फटफट आवाज, जात्याची घरघर. गिरणीवाली बाई रोज ह्याच वेळेला उपवासाचं दळण काढते. रोज. मी इतकी वर्षं तिच्यासमोर राहते की तो आवाज माझ्या कानांना कळेनासा झाला होता. गिरणी विजेवर चालते. गल्लीत वीज नसती तर ती चालली नसती. दिवसभर घरात पडून राहणाऱ्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळलं असणार.

हे दारात येऊन उभे राहिले. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातातली नळी थरथरत होती.

“लाईट गेली,” म्हणाले.

मी उठून बसले. “गिरणी तर चालू हाय.”

“रोजच असती.”

“ठावं होतं तुमाला?”

“मला हात न्हाईत, कान हायत की.”

“मग कावून दळत बसत होता इतके दिस? सांगायचं न्हाई का? मी येडी, अंधारात जाऊन खटके वढीत बसले.”

चौकटीला टेकून त्यांनी श्वास घेतला. “ती काळी मशीन आली तवापासनं तू कप हातात देऊन पळायची. लाईट नसली की बसायचीस. लग्न झाल्यापासनं सकाळच्या पारी तुला बसलेली कवा बघितलं न्हवतं.” मग म्हणाले, “ये. आज कसं तरी दळतो मी. तू नुसती बस. बिया वेचू नको, मुंग्या खातील.”

मी पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्या मागं ओट्यावर गेले. त्यांनी नळी गुडघ्यांत धरली. दांडा सुटला, पुन्हा धरला. बिया अंगणात उडाल्या, मी त्या बघत राहिले. समोरून गिरणीची घरघर येत होती आणि ह्यांच्या नळीची त्यात मिसळत होती. खाली टँकरचा हॉर्न वाजला. मी सवयीनं उठायला लागले, तर त्यांनी दांडा सोडून तो थरथरणारा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

“बस,” म्हणाले. “गिरणीवाली भरंल दोन घागरी.”

मी बसले.